शिवाजी विद्यापीठ वाढलं म्हणजे नेमकं काय झालं?

बार्शीहून एका पालकांनी विचारलं आहे. मुलगी यंदा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. होतेय, एम.एस्सी. करून तिला पुढे संशोधनात जायचंय. पुण्यात नंबर लागेलच असं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला ‘नॅक’ची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, ‘ए प्लस प्लस’ श्रेणी आहे असं त्यांच्या कानावर आलंय. पण साठ वर्षांत हे विद्यापीठ खरंच वाढलं, की नुसत्या इमारती आणि कॉलेजांचे आकडे वाढले, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की ते स्वतः १९९४ साली बार्शीतूनच बी.कॉम. झाले.

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. कपाटातून तुमची पदवी काढून बघा. तिच्यावर कोल्हापूरचीच मुद्रा असेल आणि ‘ज्ञानमेवामृतम्’ हे ब्रीदही. १९९४ साली सगळा सोलापूर जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता. म्हणजे ज्या विद्यापीठाबद्दल तुम्ही परक्यासारखं विचारताय, त्याचे तुम्ही पदवीधर आहात. वाढ कशाला म्हणायची हे त्यातूनच बरंचसं सांगता येईल, पुढे त्यावर येतोच.

माझ्याबद्दल एवढंच. मी याच विद्यापीठात एम.एस्सी. केलं, मग सांगली जिल्ह्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात ३३ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. दोनदा अभ्यास मंडळावर होतो, संलग्नतेच्या पाहणी समित्यांवर कैक गावं फिरलो. विद्यापीठाबद्दल मला माया आहे, ती लपवत नाही. पण तुमच्या मुलीच्या दोन वर्षांचा प्रश्न आहे, म्हणून जे पाहिलं तेच लिहितो.

आधी विद्यापीठ नव्हतं तेव्हाचं चित्र. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० चं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं, सोलापूरचं दयानंद १९४० चं. कॉलेजं जुनी आणि नावाजलेली, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि आमच्याकडची कॉलेजं तिकडे जोडली गेली. म्हणजे परीक्षा, निकाल, गुणपत्रिकेतली चूक, पात्रता प्रमाणपत्र, सगळ्याला पुणं. एम.ए., एम.एस्सी. करायचं तर पुण्यात खोली घेऊन राहण्याची ऐपत हवी. ज्याच्या घरी दोन एकर जिरायत आहे, त्याची पोरं बी.ए. झाली की तिथंच थांबत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवछत्रपतींच्या नावाच्या विद्यापीठाची कल्पना स्वातंत्र्याच्या आधीच मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला १९६२ उजाडलं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. त्या समजून घेतल्याशिवाय या विद्यापीठाचं वळण कळत नाही. एक म्हणजे शाहू महाराजांची बोर्डिंगं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे. त्यातल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, ती पुढे साताऱ्याला नेली आणि तिथं १९४७ मध्ये काम करून शिकणाऱ्या मुलांचं कॉलेज उभं केलं. दुसरी गोष्ट सरकारी आहे आणि तिचं श्रेय जितकं द्यावं तितकं कमी. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ झाली. आमच्या भागात त्या सवलतीला आजही ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात. फी माफ झाली आणि कॉलेजांत शेतकऱ्यांची पोरं लोंढ्यानं आली. एवढ्या पोरांना पुण्याच्या दाराशी उभं करणं शक्यच नव्हतं. विद्यापीठाची मागणी आधीपासून होती, पण ती टाळता येणार नाही अशी झाली ती या पोरांमुळे.

१८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तारीख नीट बघा. चीनशी युद्ध सुरू होतं. चारच दिवसांपूर्वी यशवंतराव चव्हाणांचं नाव संरक्षणमंत्री म्हणून जाहीर झालं होतं आणि तीन दिवसांनी त्यांचा दिल्लीत शपथविधी व्हायचा होता. अशा दिवसांत राष्ट्रपती कोल्हापूरला आले आणि विद्यापीठ सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अखंड रत्नागिरी असे पाच जिल्हे, ३४ महाविद्यालयं, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि पदव्युत्तर शिक्षणाचे फक्त पाच अधिविभाग. (विद्यापीठातल्या विभागाला आमच्याकडे अधिविभाग म्हणतात. तिथं गेलात की पाट्यांवर हाच शब्द दिसेल.)

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. ते इतिहासाचे अभ्यासक होते. हा माणूस तेरा वर्षं त्या पदावर राहिला आणि या विद्यापीठात जे टिकाऊ आहे त्यातलं बरंचसं त्यांच्या हातचं आहे. जागा मिळाली ती सागरमाळाची, ८५३ एकर. नावातच माळ. मुरूम, कुसळं आणि वारा. शहराच्या माणसांना तेव्हा ती जागा लांबची आणि ओसाड वाटायची. आज तिथं दाट झाडी आहे, सकाळी मोर ओरडतात आणि शहर विद्यापीठाला ओलांडून पुढे गेलंय.

आप्पासाहेबांचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम मात्र ‘कमवा आणि शिका’ हे आहे. इथं थोडं थांबतो, कारण मी स्वतः त्यातला आहे. १९७९ साली शाहूवाडी तालुक्यातून, आंबा घाटाजवळच्या वाडीतून पत्र्याची ट्रंक घेऊन आलो तेव्हा घरून महिन्याला पैसे येण्याची शक्यताच नव्हती. विद्यार्थी भवनात राहायला मिळालं. राहणं आणि जेवण याच्या बदल्यात रोज ठरलेले तास काम. कुणाला शेतात, कुणाला बागेत, कुणाला कार्यालयात, मला ग्रंथालयात. पुस्तकं उतरवायची, पुसायची, फाटलेल्यांना कागद चिकटवायचा, जागेवर लावायची. पहिल्या महिन्यात मला लाज वाटली, हे खरं. वर्गातली मुलं समोरून पुस्तक मागायला यायची. मग एक दिवस पुसता पुसता घनावस्था भौतिकशास्त्राचं एक जाड पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिलो. ग्रंथपालांनी पाहिलं. रागावले नाहीत, काम संपल्यावर बसून वाच म्हणाले. तेव्हापासून रात्री ग्रंथालय बंद होईपर्यंत मी तिथंच. ते ग्रंथालय आता बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावानं आहे आणि तिथं पुस्तकांबरोबर हजारो हस्तलिखितंही जपलेली आहेत.

ही योजना आजही सुरू आहे. त्या भवनातून बाहेर पडलेले प्राध्यापक, अधिकारी, वकील कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत तुम्हाला कुठंही भेटतील. माझ्या मते विद्यापीठाचं कर्तृत्व मोजायचं तर पहिलं माप हे: ज्याच्या घरात आधी कुणी पदवीधर नव्हता, त्याला आत येता आलं का? शिवाजी विद्यापीठाचं उत्तर ‘हो’ आहे आणि ते साठ वर्षं ‘हो’च राहिलंय.

पण तुम्ही संशोधनाबद्दल विचारलंत आणि तुमची मुलगी भौतिकशास्त्राची आहे, म्हणून आता जरा सविस्तर.

आमच्या भौतिकशास्त्र अधिविभागाची देशात ओळख आहे ती पातळ थरांच्या कामासाठी, ज्याला सगळे ‘थिन फिल्म’ म्हणतात. काचेच्या पट्टीवर एखाद्या धातूच्या ऑक्साइडचा किंवा सल्फाइडचा थर द्यायचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ. तो थर प्रकाश शोषतो का, वीज वाहून नेतो का, एखाद्या वायूच्या संपर्कात आला की त्याचा रोध बदलतो का, हे तपासायचं. यातून सौरघट, वायू ओळखणारे संवेदक, वीज साठवणारे सुपरकपॅसिटर असा सगळा पसारा निघतो.

आता हे कोल्हापुरातच का रुजलं? श्रीमंत प्रयोगशाळा असे थर निर्वात यंत्रात देतात. पंप, कक्ष, गेज, सगळं परदेशी आणि महाग. सत्तर-ऐंशीच्या दशकात आमच्या अधिविभागाला ते परवडणारं नव्हतं. मग प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निर्वाताशिवाय थर देण्याच्या पद्धतींवर भर दिला. एक पद्धत रासायनिक स्नानाची. बीकरमध्ये क्षारांचं द्रावण, त्यात काचेची पट्टी उभी, तापमान आणि आम्लता नीट सांभाळायची, आणि आयन सावकाश एकत्र येऊन काचेवर बसतात. दुसरी फवारणीची. काच तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यावर द्रावणाचा बारीक फवारा मारायचा. थेंब काचेवर पडतो, पाणी उडतं, क्षाराचं विघटन होतं आणि मागे ऑक्साइडचा थर उरतो. तिसरी विद्युतविलेपनाची, भांड्यांना मुलामा देतात त्याच तत्त्वाची. बीकर, हॉट प्लेट, थर्मोकपल, काचेचा नोझल. एवढ्या सामानावर जागतिक नियतकालिकांत छापून येईल असं काम उभं राहिलं. पुढे प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. सी. एच. भोसले, प्रा. पी. एस. पाटील यांच्या प्रयोगशाळांनी ते खूप वाढवलं. लोखंडे आणि पवार यांनी विद्युतविलेपनानं थर देण्यावर १९८९ मध्ये लिहिलेला आढावा या विषयात शिरणाऱ्याला आजही वाचावा लागतो.

मी एम.एस्सी.ला प्रकल्प म्हणून फवारणीनं टिन ऑक्साइडचा थर दिला होता. नोझल एका विद्यार्थ्यानं काच वितळवून स्वतः ओढलेला होता. पहिले अकरा थर चट्ट्यापट्ट्यांचे आले. बाराव्याला काचेवर इंद्रधनुष्यासारखे रंग उठले आणि सर म्हणाले, आता जाडी एकसारखी यायला लागली. त्या क्षणाचा आनंद मी नंतर ३३ वर्षं वर्गात सांगत राहिलो.

या परंपरेचा एक परिणाम तुमच्या मुलीच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. या प्रयोगशाळांतून पीएच.डी. झालेली मुलं मोठ्या संख्येनं दक्षिण कोरियात पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला गेली. एक गेला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कागल-शिरोळकडच्या खेड्यातली मुलं सोल आणि ग्वांगजूच्या प्रयोगशाळांत दिसायला लागली. काही तिकडे स्थिरावली, बरीच परत येऊन आपल्याकडच्या कॉलेजांत शिकवतायत. अशी साखळी एखाद्या नव्या, चकचकीत खासगी विद्यापीठाला पैसे ओतूनही लगेच मिळत नाही. तिला पिढ्या लागतात.

दुसरं उदाहरण जीवरसायनशास्त्राचं. इचलकरंजी तुम्हाला माहीत आहे, वस्त्रोद्योगाचं गाव. कापड रंगवून उरलेलं रंगीत पाणी हा तिथला जुना दुखरा प्रश्न आणि पंचगंगेच्या प्रदूषणातलं एक मोठं कारण. यातले बरेचसे रंग ‘अॅझो’ प्रकारचे असतात, ते सहजी विघटित होत नाहीत आणि पाण्यात टिकून राहतात. विद्यापीठात प्रा. एस. पी. गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असे रंग फोडणारे जिवाणू, बुरशी आणि त्यांची विकरं (एन्झाइम) यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. रंग उडाला एवढ्यावर न थांबता मागे उरलेले पदार्थ विषारी आहेत का, हेही तपासलं. हे मला विशेष मोलाचं वाटतं, कारण पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं. पंचगंगा अजून साफ झालेली नाही, हे मीही रोज बघतो. शोधनिबंध आणि कारखान्याची नळी यांच्यात अंतर पडतं, आणि ते मिटवायचं काम एकट्या विद्यापीठाच्या हातात नाही.

तिसरं वनस्पतिशास्त्राचं, आणि ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. सह्याद्रीच्या सड्यांवर (कातळी पठारांवर) आणि कड्यांवर खर्चुडी नावाची वेल उगवते. फूल कंदिलासारखं, नळीच्या आत बारीक केस. छोटी माशी आत शिरते, केसांमुळे तिला लगेच बाहेर पडता येत नाही, ती आतच फिरत राहते, परागकण अंगाला लागतात, मग केस सुकतात आणि तिची सुटका होते. तिचे कंद लोक खणून खातात, डोंगरावर गुरं चरतात, सडे फुटतात, त्यामुळे खर्चुडीच्या अनेक जाती संपण्याच्या काठावर आल्या. प्रा. एस. आर. यादव यांनी या वेलीचा ध्यास घेतला, नव्या जाती शोधून त्यांची शास्त्रीय नोंद केली आणि दुर्मिळ जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात लावून वाढवल्या. देशात जी मोजकी ‘लीड बोटॅनिक गार्डन’ आहेत त्यांत हे एक. पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर परवानगी घेऊन मुलीला ते जरूर दाखवा.

तिन्ही गोष्टींत एक धागा आहे. कमी पैशात होणारी पद्धत, शेजारच्या गावातला कारखाना, मागच्या डोंगरातली वेल. जे हाताशी होतं तेच यांनी विषय म्हणून निवडलं आणि त्याच्यावर पंचवीस-तीस वर्षं टिकून राहिले. दिल्ली-बंगळूरची नक्कल करायला गेलेले काही प्रकल्पही मी इथं पाहिले. ते अनुदान संपलं की संपले.

मानव्यशास्त्रांचं थोडक्यात सांगतो, तो माझा प्रांत नाही. आप्पासाहेबांनी स्वतः ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित केले, शाहू संशोधन केंद्रानं शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड काढले. शाहू महाराजांवर आज जे कुणी जबाबदारीनं लिहितं, त्याला या खंडांकडे जावंच लागतं. आवारात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालयही आहे. आणि दीक्षान्त समारंभाच्या निमित्तानं शहरातून ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं. वारकऱ्यांच्या मुलखात पदवीदानाला याहून साजेशी सुरुवात मला सुचत नाही.

आता तुमच्या पदवीकडे परत येतो. पाच जिल्ह्यांचं हे विद्यापीठ आज तीन जिल्ह्यांचं आहे. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि पुढे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाकडे गेले. २००४ मध्ये सोलापूरला एका जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं आहे. २०२१ मध्ये साताऱ्यात रयतची काही कॉलेजं एकत्र करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ निघालं. नकाशा बघितला तर वाटेल हे विद्यापीठ आक्रसत गेलं. मी सोलापूर वेगळं झालं तेव्हा अभ्यास मंडळावर होतो. आमच्यातल्या काहींना खूप वाईट वाटलं होतं, चांगले सहकारी तुटले म्हणून. मला तेव्हाही वाटत होतं आणि आज खात्री आहे की ते योग्य झालं. करमाळ्याच्या मुलाला कोल्हापूर तितकंच लांब होतं, जितकं पूर्वी कोल्हापूरच्या मुलाला पुणं होतं. ज्या कारणासाठी हे विद्यापीठ जन्मलं, त्याच कारणासाठी त्यानं दुसऱ्याला जागा करून दिली. आणि एवढा मुलूख गेल्यावरही तीन जिल्ह्यांत आज अडीचशेच्या वर महाविद्यालयं आणि दोन लाखांच्या पुढे विद्यार्थी आहेत. सीमाभागातल्या मराठी गावांतली मुलंही येतात, त्यांच्यासाठी विद्यापीठानं सवलती ठेवल्या आहेत.

‘ए प्लस प्लस’चं काय? नॅकचा गुणांक चारपैकी असतो. २०१४ च्या फेरीत शिवाजी विद्यापीठाला ३.१६ मिळाले होते, श्रेणी ‘ए’. २०२१ मध्ये ३.५२ मिळाले. ‘ए प्लस प्लस’ची रेघ तेव्हा ३.५१ वर होती. म्हणजे वरच्या श्रेणीत प्रवेश झाला तो उंबऱ्याला पाय लागून. तरीही सात वर्षांत ३.१६ वरून ३.५२ हा पल्ला मोठा आहे. मी नॅकच्या तयारीत कॉलेजच्या बाजूनं दोनदा राबलोय, त्या एकेका शतांशामागे किती कागद, किती रात्री आणि थोडीफार खरी सुधारणाही असते हे मला माहीत आहे. पण एक लक्षात ठेवा: ही श्रेणी विद्यापीठाच्या आवाराची, तिथल्या अधिविभागांची असते. संलग्न कॉलेजांचं मूल्यांकन वेगळं होतं. ‘ए प्लस प्लस विद्यापीठाशी संलग्न’ अशी पाटी लावणाऱ्या कॉलेजाला स्वतःची कुठलीच श्रेणी नसू शकते.

इथं मला एक दुखणं सांगितलंच पाहिजे. एकदा संलग्नतेच्या पाहणीला एका नव्या कॉलेजात गेलो होतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकं ओळीनं मांडलेली. एकाच्या तळाशी दुसऱ्याच कॉलेजाचा साठा क्रमांक रंगवलेला होता. उपकरणं त्या दिवसापुरती उसनी आणलेली. आम्ही प्रतिकूल अहवाल दिला. पुढच्या वर्षी ते कॉलेज सुरू झालं. कॉलेजांची संख्या हे वाढीचं माप म्हणून मी का धरत नाही, ते यातून लक्षात येईल. ३४ चे अडीचशे झाले त्यात शिराळा, आजरा, चंदगडसारख्या तालुक्यांतल्या मुलींना घरापासून एसटीच्या अंतरावर कॉलेज मिळालं, हे फार मोठं आहे. पण त्यातल्या काही कॉलेजांत मुलगी तीन वर्षं शिकली आणि प्रयोग कसा करतात हे तिनं पाहिलंच नाही, हेही खरं आहे. विद्यापीठाच्या लीड कॉलेज योजनेनं याला थोडा उतार पडला. आसपासची कॉलेजं एका अग्रणी कॉलेजाशी जोडायची आणि व्याख्यानं, कार्यशाळा मिळून करायच्या. मुळातला प्रश्न मात्र शिक्षकांचा आहे. राज्यातल्या सगळ्याच अकृषी विद्यापीठांत आणि अनुदानित कॉलेजांत निवृत्तीनं रिकाम्या झालेल्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत. नेट-सेट आणि पीएच.डी. झालेली चाळिशीची माणसं तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबानं शिकवतायत. माझे दोन उत्तम विद्यार्थी त्यात आहेत. जी पिढी थिन फिल्मचं नाव घेऊन कोरियाला पोचली, तिला शिकवणारे कायम शिक्षक होते, दहा-दहा वर्षं एका विषयावर टिकणारे. ती बैठक मोडली तर आजची श्रेणी पुढच्या फेरीत राहणार नाही, याची मला काळजी वाटते.

आवाराची एक गोष्ट मात्र मनापासून अभिमानानं सांगतो. सागरमाळावर पाणी नव्हतं. विद्यापीठानं पावसाचं पाणी अडवून तळी केली, बांध घातले, शुद्धीकरणाची सोय केली. २०१९ च्या महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रंच बुडाली आणि चहूकडे पूर असताना कोल्हापूरच्या नळांना पाणी नव्हतं. तेव्हा विद्यापीठानं आपल्याकडचं शुद्ध पाणी शहराला दिलं, टँकर भरून जात होते. ज्या माळावर कुणी राहायला तयार नव्हतं, त्या माळानं शहराची तहान भागवली.

तर मुलीबद्दल माझं मत. पुण्याला नंबर लागला आणि तिथल्या खर्चाची सोय असेल तर पुणं वाईट नाही. पण तिला मटेरियल सायन्समध्ये, थर, सौरघट, नॅनो या दिशेनं जायचं असेल, तर कोल्हापूर ही ‘पुणं नाही तर’ म्हणून घ्यायची जागा नाही, ती पहिली निवड असू शकते. सैद्धांतिक भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र ओढत असेल तर मात्र पुण्याचा आग्रह धरा, तिथं खगोलशास्त्रातल्या संशोधनाची आयुका ही संस्था आहे, ते वातावरण कोल्हापुरात मिळणार नाही. सोलापूरबद्दलही मन कलुषित ठेवू नका. तिथले कित्येक शिक्षक कोल्हापुरातच घडलेत.

ठरवण्याआधी एकदा येऊन जा, आणि सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी या. दुपारी तीननंतर भौतिकशास्त्र अधिविभागात गेलात की संशोधक विद्यार्थी भेटतील. त्यांना विचारा: मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, क्ष-किरण विवर्तनाला (पदार्थाची आतली रचना तपासण्याच्या चाचणीला) नमुना दिला तर निकाल किती दिवसांत हातात येतो, शिष्यवृत्ती वेळेवर होते का. सामायिक सुविधा केंद्र, ज्याला तिथं सगळे सीएफसी म्हणतात, तेही बघून घ्या. मोठी उपकरणं तिथं आहेत, आणि एम.एस्सी.च्या मुलांना ती कितपत वापरायला मिळतात हे मुलांकडूनच कळेल. वसतिगृहाची चौकशी त्याच दिवशी करा, मुलींच्या खोल्या लवकर भरतात. पैशाची ओढाताण असेल तर ‘कमवा आणि शिका’ मुलींसाठीही आहे, अर्ज करायला संकोच करू नका.

कागदपत्रांत एक गोष्ट विसरू नका. तिची पदवी सोलापूर विद्यापीठाची, म्हणून प्रवेशाच्या वेळी तिथलं स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. निकाल लागला की लगेच अर्ज करा, त्याला वेळ जातो. १९९४ साली तुम्ही एम.कॉम.ला कोल्हापूरला आला असता, तर तुम्हाला ते लागलं नसतं.